रील्स-शॉर्ट्सचं व्यसन : मिनिटं मोजायची की आणखी काही?

खडूफळा (धागाकर्ती)

पालकसभेत हल्ली हमखास येणारा प्रश्न : "दिवसाला किती वेळ रील्स पाहिले म्हणजे व्यसन?" याला आकड्यात उत्तर नाही, आणि देऊही नये असं माझं मत आहे. धागा त्यासाठीच काढला आहे. समुपदेशन, ॲप बनवणं, आकडेवारी यांपैकी कशातही मुरलेली मंडळी असतील तर कृपया लिहा. "आमच्या वेळी असं नव्हतं" छापाचे प्रतिसाद नकोत.

आधी वैद्यकीय बाजू. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी, आयसीडी-११, १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तिच्यात 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. सोशल मीडियाचं किंवा छोट्या व्हिडिओंचं व्यसन असा वेगळा आजार नाही. गेमिंगसाठी तीन गोष्टी पाहतात : सुरू करण्या-थांबण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडून खेळच पुढे येणं, आणि नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं. हे साधारण बारा महिने टिकलेलं हवं.

हेच निकष रील्सना लावून बघा. रोज तीन तास बघणारी, पण हाक मारली की फोन ठेवून जेवायला येणारी मुलगी यात बसत नाही. दीडच तास बघणारा, पण तो दीड तास रात्री साडेअकरा ते एक असा असलेला, सकाळी पहिल्या दोन तासिका पेंगणारा आणि दर सोमवारी "आजपासून बंद" म्हणून मंगळवारी परत सुरू करणारा मुलगा बसू शकतो. मिनिटांवर भांडणं म्हणजे साप म्हणून भुई धोपटणं.

निशिगंध

सहमत. निकषांत थोडी भर घालते. संशोधनात सर्रास वापरली जाते ती बर्गेन सोशल मीडिया प्रश्नावली. सहा प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण ६ ते ३०. प्रश्न असे : डोक्यात सतत तेच घोळतं का, पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो का, त्रास विसरायला वापरता का, कमी करायचा प्रयत्न फसला का, बंद केल्यावर अस्वस्थ होता का, अभ्यासावर किंवा नात्यांवर परिणाम झाला का. हंगेरीतल्या सुमारे सहा हजार किशोरवयीन मुलांवरचा अभ्यास २०१७ साली आला. त्यात धोक्याच्या गटात ४.५% मुलं निघाली आणि सीमारेषा १९ गुणांची सुचवली होती. इतर देशांत वेगळी सीमारेषा सुचवलेली आहे, त्यामुळे घरी गुण काढून मुलावर शिक्का मारू नका. प्रश्न गप्पांसाठी चांगले आहेत, निदानासाठी नाहीत.

आणि एक. फोन काढून घेतल्यावर मूल चिडलं म्हणजे व्यसन सिद्ध झालं, असं होत नाही. मित्रांचं सगळं बोलणं त्याच फोनवर असतं. ते अचानक तोडलं तर कोणीही चिडेल.

टाचणी

थोडं उलट बोलतो. सिनेमा बिघडवतो, मग टीव्ही बिघडवतो, मग व्हिडिओ गेम. दर पिढीला एक खलनायक लागतो. ऑर्बेन आणि प्रशिबिल्स्की या संशोधकांचा २०१९ चा अभ्यास वाचा : मुलांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकापैकी जास्तीत जास्त ०.४% डिजिटल वापराशी जोडता आला. एवढ्यासाठी एवढा आरडाओरडा?

मध्यमान

टाचणी, आकडा बरोबर आहे, पण तो कशाचा आहे तेही लिहा. त्या अभ्यासातली सर्वेक्षणं २००७ ते २०१६ मधली आहेत. भारतात टिकटॉकवर बंदी आली २९ जून २०२० ला, इन्स्टाग्राम रील्स इथे त्याच जुलैत आलं आणि यूट्यूब शॉर्ट्सची चाचणी सप्टेंबर २०२० मध्ये भारतातच सुरू झाली. म्हणजे आपण ज्यावर बोलतोय ते त्या विदेत (डेटात) जवळपास नाहीच. शिवाय सगळा 'डिजिटल वापर' त्यात एकाच पोत्यात आहे, आणि तोही मुलांनी स्वतः अंदाजे सांगितलेला. सरासरी छोटी निघाली म्हणून शंभरातल्या चार-पाच मुलांचं होणारं मोठं नुकसान नाकारता येत नाही.

माझ्या मते कामाचा अभ्यास वेगळा आहे. ऑलकॉट, गेन्ट्झको आणि साँग या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेत सुमारे दोन हजार प्रौढांच्या फोनवर ॲप बसवून प्रत्यक्ष वापर मोजला. २०२२ साली छापून आलं. निष्कर्ष : सोशल मीडियाच्या वापरातला सुमारे ३१% भाग 'मला एवढं बघायचं नव्हतं' या प्रकारचा आहे. हे मोठ्यांचं. सोळा वर्षांच्या मुलाचा ताबा त्याहून घट्ट असेल असं धरायला काहीच आधार नाही.

म्हणून 'व्यसन आहे की नाही' यापेक्षा 'ठरवल्यापेक्षा किती जास्त' हा प्रश्न मला जास्त मोजण्याजोगा वाटतो. आठवडाभर वहीत रोज आधी लिहायचं, आज किती बघणार. रात्री फोनमधला खरा आकडा शेजारी मांडायचा. फरक मुलाला स्वतःलाच दिसतो, कोणाला भाषण द्यावं लागत नाही.

उलटगिनती

फीड (ॲप एकामागून एक पुढे करत जातं ती व्हिडिओंची रांग) बनवण्याच्या कामात असल्यामुळे आतलं यंत्र कसं चालतं ते लिहितो. ॲपगणिक बारकावे वेगळे, ढाचा एकच.

जुन्या यूट्यूबवर समोर वीस चित्रं दिसायची, तुम्ही एक निवडायचात. न निवडलेल्या एकोणीसबद्दल ॲपला फारसं कळत नसे. रील्समध्ये पडद्यावर एकावेळी एकच व्हिडिओ असतो आणि तो आपोआप सुरू होतो. त्यामुळे तुमची प्रत्येक हालचाल नेमकी त्याच व्हिडिओच्या खात्यात जाते : दुसऱ्या सेकंदाला सरकवला, पूर्ण पाहिला, दुसऱ्यांदा फिरू दिला, आवाज वाढवला, कमेंट उघडल्या, मित्राला पाठवला. वीस मिनिटांत साठ-सत्तर व्हिडिओ झाले म्हणजे साठ-सत्तर स्वच्छ उत्तरं. लाईक न देताही. "मी तर काहीच लाईक करत नाही, मग याला कसं कळतं?" याचं उत्तर हे.

मागे दोन टप्पे चालतात. लाखो व्हिडिओंतून काही शे उमेदवार उचलणं, मग प्रत्येकासाठी 'हा माणूस हा किती सेकंद बघेल, पुढे पाठवेल का' याचा अंदाज बांधून क्रम लावणं. टिकटॉक बनवणाऱ्या बाइटडान्सच्या अभियंत्यांनी २०२२ मध्ये 'मोनोलिथ' नावाच्या प्रणालीवर शोधनिबंध लिहिला. त्यातला मुद्दा असा की तुमच्या ताज्या हालचालींवरून हे अंदाज बांधणारं मॉडेल चालता चालता शिकत राहतं, रात्रभर थांबत नाही. म्हणून दुपारी ब्रेकअपचे दोन व्हिडिओ थांबून पाहिले की संध्याकाळपर्यंत फीड रडवेलं होतं.

याशिवाय दोन गोष्टी. पुढचे काही व्हिडिओ आधीच उतरवून ठेवलेले असतात, त्यामुळे मध्ये 'लोड होतंय' अशी जागाच नसते. जुन्या पानांना तळ होता, पान दोनवर जायला टिचकी मारावी लागे. तो टप्पा २००६ च्या सुमारास अनंत स्क्रोलने काढून टाकला. आता चालू ठेवायला अंगठा हलवला की पुरे, थांबायला मात्र निर्णय घ्यावा लागतो.

आणि सगळेच व्हिडिओ चांगले नसतात, हेच तर त्यातलं मर्म. पाच-सात टुकार, मग एक झकास, मग तीन टुकार. मानसशास्त्रज्ञ स्किनरने कबुतरांवर दाखवलं होतं की दाणा कितव्या टोचीला मिळेल हे ठरलेलं नसेल तर कबूतर सर्वात चिकाटीने टोचत राहतं. कोणी हे कबुतरासारखं ठरवून रचलं असं मी म्हणत नाही. पाहण्याचा वेळ वाढवणं हे उद्दिष्ट दिलं की यंत्र आपसूक तिथेच पोचतं.

टाचणी

मान्य, छान लिहिलंय. पण मग ॲपमध्येच वेळेची मर्यादा लावायची सोय आहे ना? वापरत नाहीत तो दोष कोणाचा?

मध्यमान

ती सोय किती चालते हेही मोजलेलं आहे, आणि कंपनीनेच. टिकटॉकने मार्च २०२३ मध्ये १८ वर्षांखालच्यांना ६० मिनिटांची मर्यादा आणली. मर्यादा संपली की पासकोड टाकायचा आणि पुढे बघायचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या राज्यांनी खटले भरले. त्यात केंटकीच्या कागदपत्रांतला झाकलेला मजकूर नीट झाकला गेला नव्हता, म्हणून तो बातम्यांत आला. त्यानुसार मर्यादेआधी किशोरवयीनांचा वापर दिवसाला सुमारे १०८.५ मिनिटं होता, नंतर सुमारे १०७. दीड मिनिटाचा फरक! कंपनीचं म्हणणं असं की वाक्यं संदर्भ सोडून उचलली आहेत.

आता वर सांगितलेल्या अर्थशास्त्रज्ञांच्या प्रयोगातली मर्यादा बघा. ती माणसाने स्वतः ठरवलेली होती, आणि ती संपल्यावर आणखी वेळ हवा असेल तर काहींना २, ५ किंवा २० मिनिटं थांबावं लागे, काहींना वेळ वाढवून मिळतच नसे. तिथे वापर सुमारे १६% उतरला, दिवसाला २२ मिनिटं. मर्यादा आहे की नाही यापेक्षा ती ओलांडायला किती त्रास पडतो यावर सगळं आहे.

सुटेभाग

आता माझ्या प्रांतात आलात. पालक मर्यादा लावतात आणि आठ दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणतात. कुठे गळतं ते सांगतो.

अँड्रॉइडच्या सेटिंग्जमधलं 'डिजिटल वेलबीइंग' हे कुलूप नाही, आरसा आहे. त्यातला ॲप टायमर ज्याच्या हातात फोन तोच दोन टिचक्यांत काढतो. पण आकडे बघायला उत्तम : डॅशबोर्डमध्ये ॲप निवडलं की तासावार वापर दिसतो. रात्री अकरानंतरच्या पट्ट्या तेवढ्या बघा. खरं कुलूप हवं तर गूगलचं फॅमिली लिंक ॲप. त्यात मुलाचं गूगल खातं खऱ्या जन्मतारखेचं हवं, आणि पालकाच्या फोनवरून ॲपची वेळ आणि झोपेची वेळ ठरवायची. आयफोनवर 'स्क्रीन टाइम' आहे, त्याला फोनच्या पासकोडपेक्षा वेगळा पासकोड द्या आणि मर्यादा संपल्यावर ॲप अडवण्याचं बटण चालू करा. ते बंद राहिलं तर मर्यादा म्हणजे नुसती सूचना.

गळतीच्या जागा :
– ड्युअल ॲप, ड्युअल मेसेंजर, ॲप क्लोन. एकाच इन्स्टाग्रामच्या दोन प्रती. टायमर एकीवर, बघणं दुसरीवर.
– ब्राउझर. ॲप अडवलं तरी क्रोममध्ये रील्स सुरू. फॅमिली लिंकमधून क्रोममध्ये ती साइटही अडवायला लागते, आणि दुसरे ब्राउझर उतरवायला परवानगी मागायची सोय चालू ठेवायला लागते.
– फेसबुकमधले रील्स. इन्स्टा अडवून फेसबुक मोकळं ठेवणारे पालक पुष्कळ.
– आजोबांचा फोन. याला सेटिंग नाही.

राउटरवरून किंवा प्रायव्हेट डीएनएस (फोन साइटचे पत्ते कुठून शोधतो ते ठरवणारी सेटिंग) लावून "फक्त रील्स बंद" करता येतं का, असं बरेच विचारतात. नाही येत. रील्स आणि इन्स्टावरचे निरोप एकाच पत्त्यांवरून येतात, शॉर्ट्स आणि गणिताचे व्हिडिओसुद्धा. अडवलं तर सगळं अडतं.

पाचपेडी

यूट्यूब अभ्यासाला लागतंच. नुसते शॉर्ट्स घालवता येतात का?

सुटेभाग

पूर्ण नाही, बरंचसं. सेटिंग्जमध्ये पाहण्याचा इतिहास बंद करून जुनाही पुसायचा. मग मुख्य पान रिकामं येतं, शोधून बघावं लागतं. शॉर्ट्सच्या पट्टीवर तीन टिंबं असतात, तिथे 'कमी शॉर्ट्स दाखवा'. ऑक्टोबर २०२५ पासून शॉर्ट्सच्या फीडसाठी रोजची मर्यादाही आली आहे, पण स्वतः लावलेली स्वतःला टाळता येते, मध्यमान यांनी वर लिहिलंय तेच. संगणक असेल तर अभ्यासाचं यूट्यूब तिथेच, उत्तम.

'रस नाही' या बटणावर फार भिस्त ठेवू नका. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने २०२२ मध्ये वीस हजारांहून जास्त लोकांच्या यूट्यूब वापरातून तपासलं : 'रस नाही'ने नकोशा शिफारशी ११% च कमी झाल्या, इतिहासातून काढल्याने २९%, 'हे चॅनल सुचवू नका'ने ४३%. बटण दाबायचंच तर 'हे चॅनल सुचवू नका' हेच दाबा.

इन्स्टाग्रामला 'सुचवलेला मजकूर रीसेट करा' अशी सोय २०२४ च्या शेवटी आली. सेटिंग्जमध्ये मजकुराच्या पसंतीखाली सापडेल. फीड कोरं होतं, पण आधी नको ती खाती अनफॉलो केली नाहीत तर चार दिवसांत परत तिथेच. सोळाखालच्यांच्या 'टीन अकाउंट'मध्ये रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद राहतात आणि ते बदलायला पालकांची परवानगी लागते. मात्र खातं उघडताना जन्मसाल २००० टाकलेलं असेल तर यातलं काहीच लागू होत नाही. आधी ते तपासा.

निशिगंध

सेटिंग्ज छान, पण क्रम चुकायला नको. पहिलं झोपेचं बघा. चार्जर स्वयंपाकघरात, गजराला साधं घड्याळ, उठायची वेळ रविवारीही तीच. फोन रात्री खोलीबाहेर गेला की बाकीचं निम्मं भांडण कमी होतं, कारण अकरा ते एक हाच ताबा सर्वात सैल असण्याचा काळ. हा नियम आईबाबांच्या फोनलाही हवा, नाहीतर मूल दुसऱ्या रात्री दाखवून देईल.

मग 'कधी' ची नोंद. रील्स उघडायच्या आधी काय चाललं होतं एवढंच चार शब्दांत : 'भूमितीचं उत्तर येईना', 'ग्रुपवर कोणी बोलेना', 'कंटाळा'. कंटाळ्याबद्दल एक गंमत : टॅम आणि इन्झ्लिक्ट यांचा २०२४ चा अभ्यास सांगतो की कंटाळा जावा म्हणून लोक व्हिडिओ पटापट बदलतात, आणि बदलल्यानेच कंटाळा वाढतो. एक व्हिडिओ सलग पाहिलेल्यांना कमी कंटाळा आला.

नोंदीत दर वेळी एकच कारण दिसलं तर उपाय त्या कारणावर करा. वर्गात कोणी छळतंय, घरात भांडणं आहेत, लक्ष न टिकण्याचा जुना त्रास आहे, नैराश्य आहे, आणि आपण फोन फोडतोय : आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला.

फोन कमी केल्यावर पहिले काही दिवस चिडचिड वाढते. नेमक्या तेव्हा पालक हार मानून फोन परत देतात, आणि मूल शिकतं की पुरेसं ओरडलं की मिळतो. देणारच असाल तर पहिल्या मिनिटाला द्या, तासाभराच्या तमाशानंतर नको.

शाळा बुडते, जेवण सुटतं, स्वतःला इजा करण्याची भाषा येते, तिथे घरगुती उपाय थांबवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत, चोवीस तास आणि मराठीतही आहे. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत 'शट' हे खास तंत्रज्ञान वापराचं क्लिनिक २०१४ पासून चालतं.

येरळाकाठ

इथे सगळे एकेका घराचं बोलताय. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगावने १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचं ठरवलं. साडेआठला परत भोंगा. बातमी देशभर गेली, पण त्यातलं तंत्र फारसं कोणी लिहिलं नाही. भोंगा एकट्याने काही करत नाही. सुरुवातीला घरोघरी फिरून समजवावं लागलं. वेळ नेमकी मालिकांची आणि मुलांच्या अभ्यासाची, आणि बंद सगळ्यांचं, म्हणजे "फक्त मलाच का" ला जागा नाही.

मध्यमान

हे फार महत्त्वाचं आहे, आणि याला आकडाही आहे. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विचारलं : चार आठवडे टिकटॉक बंद करायला किती पैसे घ्याल? सरासरी सुमारे ५९ डॉलर. मग विचारलं, तुमच्यासकट कॉलेजमधल्या सगळ्यांचंच बंद होणार असेल तर? तेव्हा उलट स्वतःच सुमारे २८ डॉलर द्यायला तयार! बर्स्टिन आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास. म्हणजे ॲप आवडतं म्हणून नाही, बाकीचे तिथे आहेत म्हणून राहणारे बरेच. एकट्या मुलाचा फोन बंद करणं ही त्याला शिक्षा, अख्ख्या वर्गाचा रात्री नऊनंतर बंद ही सोय.

'असर' या मुलांच्या शिक्षणाच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या ८२.२% मुलांना स्मार्टफोन वापरता येतो असं आढळलं. त्यांतल्या ५७% नी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, ७६% नी सोशल मीडियासाठी. त्यामुळे हा फक्त पुण्या-मुंबईचा प्रश्न नाही, येरळाकाठ यांच्याशी पूर्ण सहमत.

टाचणी

वर्गाने मिळून बंद करणं पटलं. सरकारने बंद करणं नाही पटत. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळाखालच्यांना खाती बंद केली. आपल्याकडे वय तपासणार कसं? जन्मसाल २००० वाल्यांचं काय ते वर आलंच आहे.

उलटगिनती

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आहे, त्यातली बाब या धाग्याच्या जास्त जवळची आहे. १८ खालच्यांच्या वागण्यावर पाळत ठेवणं आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणं त्यात मना आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत आहे. पाळत नाही म्हणजे 'दुसऱ्या सेकंदाला सरकवला' ही नोंदही नाही, असा अर्थ लावला गेला तर मुलांचं फीड आजच्यासारखं चालूच शकणार नाही. तसा अर्थ लावतील का, तिथे खरी लढाई.

पाचपेडी

वर्गाने नऊनंतर बंद करायचं ठरवलं तर एक अडचण. शाळेचा गृहपाठच रात्री साडेनऊला व्हॉट्सॲपवर येतो, आणि तोही यूट्यूबची लिंक.

खडूफळा

हे शाळेकडूनच सुटलं पाहिजे. गृहपाठ संध्याकाळी सहाच्या आत, पालकांच्या क्रमांकावर, आणि लिहून : 'पान ४२, उदाहरण ३ ते ७'. व्हिडिओ दाखवायचाच असेल तर तो वर्गात दाखवावा. शिक्षकांनी स्वतः केलेला असेल तर लिंकऐवजी फाईल पाठवावी. लिंक उघडली की ॲप उघडतं, आणि ॲप उघडलं की शॉर्ट्सचं बटण अंगठ्याखालीच असतं. पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत हा एकच ठराव मांडा, सोबत पाच पालकांच्या सह्या न्या.

सुटेभाग

आणि ग्रुपवर 'फक्त ॲडमिन लिहू शकतील' हे चालू करायला सांगा. नाहीतर सहाला गृहपाठ येईल आणि साडेनऊपर्यंत "सर, पान कितवं?" चालू राहील.